माळ्यावरची काडतुसं, माळावरचा गोळा

जुना वाडा पाडायला काढला की माळ्यावरच्या ट्रंकेतून काय काय निघतं. पितळी तपेली, खतावण्या, बुरशी आलेले फोटो आणि कधी कधी फडक्यात गुंडाळलेली दहा-पंधरा काडतुसं. घरात कुणी फौजेत, पोलिसात, जंगलखात्यात होतं, किंवा शिकारीचा नाद असलेलं होतं, तर यात नवल नाही. कोकणात आणि गोव्यात शेताच्या राखणीसाठी घेतलेले बंदुकीचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. परवानाधारक गेला की बंदूक सगळ्यांच्या लक्षात असते. ती पोलिस ठाण्यात जमा होते, नाहीतर रीतसर अर्ज करून वारसाच्या नावावर होते. काडतुसं मात्र एखाद्या खणात किंवा बिस्किटांच्या डब्यात राहून जातात आणि वीस-तीस वर्षांनी सुनेच्या नाहीतर नातवाच्या हाती लागतात.

या बाबतीत लोकांची भीती बहुतेक वेळा उलट्या जागी असते. घरातल्या काडतुसाला बॉम्ब समजून ते रातोरात विहिरीत फेकतात. लष्कराच्या सराव क्षेत्रालगत सापडलेला गोळा मात्र भंगार समजून गोणीत घालून घरी आणतात. काडतुसापासून जिवाला धोका थोडा असतो, कायद्याचा त्रास मोठा होऊ शकतो. गोळ्याच्या बाबतीत कायदा नंतर, आधी जीव. म्हणून दोन्ही वेगवेगळं पाहू.

काडतूस

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी गोळी. बारा बोअरच्या काडतुसात गोळीऐवजी छर्रे असतात आणि पुंगळी कागदाची किंवा प्लास्टिकची, बुडाला पितळी वाटी. घोडा दाबला की पिन टोपीवर आपटते, टोपीतला चिमूटभर ठिणगी देणारा मसाला पेटतो, त्याने दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी पुढे जाते. सगळ्यात नाजूक भाग म्हणजे टोपी. ती ठोक्यासाठीच बनवलेली असते.

जिवंत काडतूस की नुसती पुंगळी, हे ओळखायला कुठलंही हत्यार लागत नाही, नुसतं पाहायचं. टोपीवर खोलगट ठसा आहे आणि तोंड उघडं आहे, तर ती वापरलेली पुंगळी. टोपी सपाट आणि तोंडाशी गोळी, तर जिवंत. ठसा आहे पण गोळीही जागेवर आहे, तर ते न उडालेलं काडतूस. याला अनेक जण ‘मेलेलं’ समजतात. ते जिवंतच धरायचं. गोळी नाही पण पुंगळीचं तोंड चुणीदार मिटवलेलं आहे, तर ते सलामीचं किंवा सरावाचं कोरं काडतूस असू शकतं, म्हणजे दारू आणि टोपी दोन्ही आत. कवायतीच्या नकली काडतुसांना पुंगळीवर भोकं किंवा लांब खाचा असतात आणि टोपीच्या जागी पोकळी असते, पण त्यावर विसंबून खेळायला देऊ नका. शंका असेल ते जिवंत.

बुडावर अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात. ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरं असली तर ते पुण्याजवळच्या खडकी कारखान्याचं. हा दारूगोळा कारखाना १८६९ सालापासूनचा. बारा बोअरच्या काडतुसांवर ‘शक्तिमान’ हे नाव अजूनही बऱ्याच घरांत दिसेल, तेही तिथलंच. बुडाला बाहेर आलेली कड, टोकदार गोळी आणि एकूण लांबी साधारण ७८ मिलिमीटर असेल तर ते बहुधा थ्री-नॉट-थ्री (.३०३) रायफलचं. हे ओळखणं महत्त्वाचं अशासाठी की थ्री-नॉट-थ्री, ७.६२ आणि ९ मिलिमीटर ही फौज-पोलिसांची मापं आहेत, सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाहीत. अशी काडतुसं घरात निघाली तर ‘आजोबांचा परवाना होता’ एवढ्यावर भागत नाही. अर्थात ही अक्षरं वाचायला काडतूस घासून लख्ख करायची गरज नाही. आहे तसा फोटो पुरे.

आता धोका किती? बंदुकीच्या नळीबाहेर काडतूस उडालं तर गोळी नळीतून सुटावी तशी सुटत नाही. दाब धरून ठेवायला नळीच नसते, त्यामुळे पुंगळी फाटते आणि हलकी असल्याने तीच जोरात उडते. टोपी आणि पितळेचे तुकडे डोळ्यात, मानेत, बोटांत घुसतात. थ्री-नॉट-थ्रीमध्ये सुमारे अडीच ग्रॅम दारू असते. हातात धरलेल्या काडतुसासाठी ती भरपूर झाली. पकडीत धरून गोळी उपसणं, खिळ्याने टोपी काढणं, ‘पितळ चांगलं येईल’ म्हणून हातोड्याने ठोकणं: बोटं आणि डोळे बहुतेक यातच जातात.

जुनेपणाने काडतूस निरुपद्रवी होत नाही, बेभरवशाचं होतं. पितळेवर हिरवी पूड धरते, पुंगळीला केसासारख्या चिरा जातात. चिरांचा हा प्रकार ब्रिटिश फौजेला पहिल्यांदा नीट जाणवला तो हिंदुस्थानातच. पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा पितळेतल्या ताणावर काम करतात, याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. आपल्याकडे गोठ्यावरच्या माळ्यात ठेवलेल्या काडतुसांना हेच सगळं मिळतं. अशी तडकलेली पुंगळी बंदुकीत घालून ‘बघू चालतंय का’ करणाऱ्याच्या तोंडावर वायू मागे येऊ शकतो. आतली धूरविरहित दारूही वयाबरोबर विघटित होते. आंबूस, नाकाला झोंबणारा वास येत असेल किंवा डब्यात तांबूस वाफ दिसत असेल, तर डबा न हलवता खोली मोकळी करून थेट ११२ ला फोन करायचा.

इथे काही घरगुती ‘उपाय’ निकालात काढायला हवेत. तेलात किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवलं की टोपी मरते, हे खात्रीचं नाही. टोपीवर बहुतेक वेळा लाखेचा थर असतो आणि तेल आत शिरतंच असं नाही. पाण्यात टाकल्याने काडतूस निकामी होत नाही, नजरेआड होतं एवढंच. विहिरीचा गाळ कधीतरी उपसला जातोच. चुलीत, होळीत, कचऱ्याच्या ढिगात टाकणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्याचा सौदा. भंगारवाल्याला पितळ म्हणून देणं हा धोका आहेच, शिवाय विनापरवाना हस्तांतरणाचा गुन्हाही. आणि पुरून टाकणं म्हणजे पुढच्या मालकाच्या पायाच्या खोदकामात पंचनामा.

मग करायचं काय? काडतुसं जिथे आहेत तिथेच राहू द्या, हा सगळ्यात चांगला मार्ग. ट्रंक बंद करा, खोलीला कुलूप लावा, मुलांना आणि मजुरांना बाहेर काढा. हातात आलेलीच असतील तर आपटू नका, हळूच आडवी ठेवा. एका पत्र्याच्या डब्यात खुळखुळती ओतू नका. टोकदार गोळीचं टोक दुसऱ्याच्या टोपीवर दाबलं जातं, ते टाळायचं आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापड घालून एकेक आडवी, टोपीला काही टेकणार नाही अशी. काचेची बरणी, घट्ट झाकणाचा लोखंडी डबा नको. गॅस, देवघरातला दिवा, पत्र्याखालचं ऊन यांपासून दूर. मोजा, बुडाचा आणि बाजूचा एकेक फोटो काढा, मग हात साबणाने धुवा. शिसं आणि जुन्या टोप्यांतला पारा पोटात जायला नको. हे फोटो घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे नसतात, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

याच ट्रंकेत कधी ठासणीच्या बंदुकीचा सरंजाम निघतो: दारूचं शिंग किंवा डबी, छर्ऱ्यांची पिशवी, तांब्याच्या टोप्या. इथे काडतुसापेक्षा जास्त सांभाळायला हवं. काळी दारू मोकळी असते. ठिणगी, घर्षण, अंगावरची स्थिर वीज यापैकी काहीही तिला पुरतं, आणि वयाने ती मवाळ होत नाही. गंजलेलं झाकण पिळून उघडायला जाऊ नका. शेतातल्या खोपीत विहिरीच्या सुरुंगाचे तोटे सापडले तर तो आणखी वेगळा मामला. जिलेटिनच्या जुन्या कांडीवर तेलकट घाम आला असेल, तर तो घाम म्हणजे बाहेर पाझरलेलं स्फोटक. दोन वायरी असलेली अ‍ॅल्युमिनियमची बारीक नळी म्हणजे डिटोनेटर, आणि पोरांना ती मोबाइलच्या बॅटरीला लावून बघायची फार हौस असते. यांना हात लावायचा नाही, जागेवरून हलवायचं नाही. सुरुंगाच्या स्फोटकांचे परवाने १८८४ च्या स्फोटके कायद्याखाली येतात आणि ते पाहणारी केंद्रीय संस्था, पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तरी पहिला फोन पोलिसांनाच.

कायदा

१९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याची व्याख्या लोकांना वाटते त्यापेक्षा खूप रुंद आहे. कलम २ मध्ये काडतुसांबरोबर बॉम्ब, ग्रेनेड, तोफगोळे, रॉकेट, फ्यूज आणि दारूगोळ्याचे सुटे भागसुद्धा येतात. कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बाळगता येत नाही. त्याची शिक्षा कलम २५ मध्ये, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान २ वर्षं ते ५ वर्षं आणि दंड अशी आहे. ग्रेनेड, बॉम्ब आणि तोफगोळे ‘प्रतिबंधित दारूगोळा’ या वर्गात मोडतात. तिथे किमान ७ वर्षं, कमाल १४. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ग्रेनेड ठेवणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

पण कायद्याला दुसरी बाजूही आहे. वस्तू घरात असणं वेगळं आणि ती आपल्याकडे आहे हे माहीत असून ठेवणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात म्हटलं आहे की शस्त्र कायद्याखालच्या ताब्यात जाणीव असावी लागते. शिवाय कलम ३ च्या गुन्ह्यासाठी खटला भरायला कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. वापरलेली रिकामी पुंगळी, जिचा पुन्हा काडतूस बनवायला उपयोग करायचा नाही, ती बहुधा कलम ४५ च्या ‘किरकोळ भाग’ या सवलतीत बसते. बसते, पण ते पटवून देण्याची वेळ आपल्यावर येते.

याचा व्यवहारातला अर्थ एकच. ट्रंक उघडली त्या क्षणापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. त्या क्षणापासून माहीत आहे. म्हणजे घड्याळ तिथून सुरू. कलम २१ म्हणतं की कोणत्याही कारणाने बेकायदा ठरलेला ताबा ‘विनाविलंब’ जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा. त्याच दिवशी कळवणारा माणूस आणि ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून परत माळ्यावर ठेवणारा माणूस यांच्यात फरक होतो तो इथेच.

जमा करायचं म्हणजे पिशवीत घालून स्कूटरने ठाण्यात न्यायचं, असं मात्र करू नका. वाटेत नाकाबंदीला पकडलं तर हेतू सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच नसतं. आधी ठाण्याला किंवा ११२ ला फोन करून काय, किती, कुठे ते सांगा. फोनची वेळ टिपून ठेवा. मग अर्ज घेऊन माणूस जातो, वस्तू घरीच राहतात, आणि पोलिस येऊन ताब्यात घेतात. अर्ज दोन प्रतींत. मजकूर साधा: आज अमुक तारखेला, इतक्या वाजता, अमुक पत्त्यावर घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत खालील वस्तू आढळल्या, त्या तिथे असल्याची यापूर्वी मला माहिती नव्हती, वस्तू जागेवरच सुरक्षित ठेवल्या आहेत, ताब्यात घेऊन पोच मिळावी. ‘माहिती नव्हती’ हे खरं असेल तरच लिहायचं. वस्तूंच्या यादीत संख्या, माप, बुडावरची अक्षरं. ट्रंक कुणाची, ती व्यक्ती कधी वारली, घर कुणाच्या ताब्यात होतं, एवढं एका वाक्यात. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि सही घ्या. पंचनामा होईल तेव्हा काडतुसांची संख्या तुमच्यासमोर मोजली जाऊ द्या आणि ती तुमच्या यादीशी जुळते का पाहा. चौदा आणि पंधराचा फरक नंतर फार महागात पडतो. ठाणे डायरीचा नोंद क्रमांक आणि घेऊन जाणाऱ्या अंमलदाराचा बक्कल नंबर लिहून ठेवा.

काही ठाण्यांत ‘कशाला भानगड, टाकून द्या कुठेतरी’ असा सल्ला मिळतो. तो तोंडी असतो, हे लक्षात ठेवा. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलिस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवा. अर्ज पाठवायचा, काडतुसं नव्हे. दारूगोळा पोस्टाने किंवा कुरिअरने कधीही जात नाही.

जुना परवाना सापडला तर काम बरंच सोपं होतं. मूळ परवाना पुस्तिका, मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती जोडा. परवान्यावर काडतुसं किती ठेवता येतात आणि कधी किती घेतली याच्या नोंदी असतात, त्यावरून वस्तूंचा उगम कळतो. शहरात पोलिस आयुक्तालयाची शस्त्र परवाना शाखा, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. वारसाला परवाना हवा असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत त्याची सोय आहे, पण तो परवाना मिळेपर्यंत काडतुसं घरी ठेवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. संख्या मोठी असेल, मापं फौजेची असतील, किंवा भाऊबंदकीत वाड्याचा दावा चालू असेल, तर त्याच दिवशी फौजदारी वकिलाला सोबत घ्या. दाव्यातला एखादा चुलतभाऊ ही संधी सोडेल असं समजू नका.

आणि विमानतळ. परदेशात राहणारी मुलं आजोबांची आठवण म्हणून एखादं काडतूस किंवा पुंगळी बॅगेत टाकतात. जुनी शिकारीची बॅग न तपासता प्रवासाला नेली की तिच्या अस्तरात एखादं सापडतं. क्ष-किरणात ते लगेच दिसतं, विमान चुकतं आणि गुन्हा दाखल होतो. अशी अनेक प्रकरणं पुढे उच्च न्यायालयांत ‘जाणीवपूर्वक ताबा नव्हता’ म्हणून रद्द झाली आहेत, पण तोवर पासपोर्ट, व्हिसा, नोकरी सगळं टांगणीला. फौजी किंवा शिकारी माणसाची बॅग घेतलीत तर सगळे कप्पे उलटे करून झटका, घरीच.

गोळा

अहिल्यानगरजवळ रणगाड्यांच्या सरावाचं के. के. रेंज, नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचं सराव क्षेत्र. १९३८ च्या युद्धसराव व तोफखाना सरावाच्या कायद्याखाली अशी क्षेत्रं अधिसूचित होतात, सरावाच्या तारखा गावांना कळवल्या जातात. तारखा संपल्या की माणसं आत जातात. गुरं चारायला, आणि खरं सांगायचं तर धातूसाठी. गोळ्याच्या कमरेला असलेली तांब्याची पट्टी, अ‍ॅल्युमिनियमचे पंख, पितळी पुंगळ्या यांना भंगारात भाव असतो. गरिबी असताना ‘जाऊ नका’ एवढं सांगून भागत नाही, म्हणून न फुटलेला गोळा म्हणजे नेमकं काय ते सांगणं जास्त उपयोगी.

तोफगोळ्याच्या टोकाला फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी यंत्रणा असते. हाताळताना गोळा फुटू नये म्हणून फ्यूजमध्ये अडसर असतात. गोळा डागला की त्या जबर झटक्याने पहिला अडसर मागे सरकतो, गोळा गरगर फिरायला लागला की दुसरा बाहेर फेकला जातो, आणि मग फ्यूज पूर्ण सज्ज होतो. आता त्याला फक्त आपटणं बाकी असतं. गोळा मऊ मातीत, चिखलात किंवा तिरका पडला तर कधी कधी पिन अर्ध्यावर अडते. म्हणजे माळावर पडलेला गोळा कोठारातल्या गोळ्यासारखा नसतो. त्याचे सगळे अडसर निघून गेलेले असतात आणि गंजलेली एक स्प्रिंग किंवा मातीचा एक कण त्याला थोपवून धरत असतो. ‘एवढ्या उंचावरून पडून फुटला नाही, आता काय फुटतोय’ हा युक्तिवाद जितका पटतो तितकाच तो जीवघेणा आहे. रणगाडाविरोधी रॉकेटच्या टोकात तर काही वेळा असा स्फटिक असतो की नुसता दाबला तरी वीज तयार होते.

ज्यांचं कामच हे आहे त्यांनाही हा माल दगा देतो. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ सोनेगावच्या मैदानात मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत कंत्राटी मजूर होते. तिथे देखरेख होती. भंगाराच्या दुकानामागे छिन्नी-हातोडा घेऊन बसलेल्या माणसाजवळ तीही नसते.

ओळख अशी: एका टोकाला निमुळता, कमरेला तांब्याची पट्टी, तो तोफगोळा. मागे पंख असलेला, पाण्याच्या बाटलीएवढा किंवा थोडा मोठा, तो मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफेचा बॉम्ब. खाचाखाचांचं ओतीव लोखंडी अंडं, बाजूला तरफ, तो ग्रेनेड. त्याची पिन गंजून गेलेली असेल तर तरफ मातीनेच दाबून धरलेली असते. पांढरी छोटी हवाई छत्री दिसली, की शेजारी उजेडाच्या गोळ्याचं नळकांडं असणार. मुलांना त्या कापडाचा मोह होतो. धुराच्या काही गोळ्यांत पांढरा फॉस्फरस असतो. ओला असेतो तो गप्प राहतो, सुकून हवा लागली की ३० अंशांच्या आसपासही आपोआप पेटतो. आपल्या उन्हाळ्यात तर सकाळीच.

असं काही दिसलं की तिथेच थांबा. एक सापडलं म्हणजे आसपास आणखी असू शकतात, म्हणून आलात त्याच पावलांनी मागे फिरा. खूण करायची तर वाटेवर, लांबच्या झाडाला फडकं बांधून. जवळ काठी ठोकायची नाही, दगड रचायचे नाहीत, माती किंवा पाणी टाकायचं नाही, गवत पेटवायचं नाही. फोटो हवाच असेल तर उभे आहात तिथून. निदान शंभर मीटर लांब गेल्यावर फोन करा. बाकीच्यांना याहून दूर न्यायचं, शक्य असेल तर भक्कम भिंतीच्या किंवा बांधाच्या आड. छोट्या वस्तूचेही तुकडे उघड्यावर तीनशे-चारशे मीटर जाऊ शकतात. ११२ ला जागेचं लोकेशन, अंदाजे लांबी-जाडी, वर पडलंय की जमिनीत रुतलंय, धूर किंवा वास येतोय का, आणि जवळ वस्ती-शाळा आहे का हे सांगा. पोलिस पाटलाला कळवा. एक जाणता माणूस वाटेवर उभा ठेवा, वस्तूजवळ नव्हे. पुढचं काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचं आणि लष्कराचं. गोळा कुठे आणि कसा नष्ट करायचा हे ते ठरवतात, त्याला कधी एखादा दिवस लागतो. तोवर राखण करायची.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे कुणीतरी तो आधीच घरी आणलेला असतो. अशा वेळी घाबरून तो परत उचलून रानात नेणं हीच घरच्यांची पहिली धडपड असते. तसं करू नका. आणताना फुटला नाही म्हणून नेताना फुटणार नाही, असं काही नसतं. आहे तिथे, आहे तसा राहू द्या, घर आणि शेजारची घरं रिकामी करा, लांबून फोन करा. कोणी आणला याची चौकशी नंतर होईल. मुलाला मार बसेल या भीतीने लपवलेला गोळा बिछान्याखाली सापडलाय, असंही होऊ शकतं, म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा की सांगितलंस तर मार नाही.

गडावरचा आणि किनाऱ्यावरचा

किल्ल्यांच्या साफसफाईत तोफगोळे निघतात. दगडी गोळ्याला काही भीती नाही. लोखंडी मात्र दोन जातींचे: भरीव आणि कुलपी. कुलपी गोळा पोकळ असतो, आत दारू आणि तोंडाला वातीची खुंटी. दहा सेंटिमीटर व्यासाचा भरीव बिडाचा गोळा पावणेचार किलोच्या आसपास भरतो, त्याच मापाचा कुलपी बराच हलका. पण वजन करायला उचलून न्यायचा नाही. वातीचं भोक गंजाने बुजलेलं असू शकतं, म्हणून भोक दिसत नाही म्हणजे भरीव असंही समजायचं नाही. आतली काळी दारू दीडशे वर्षांनीही पेटते. अमेरिकेत व्हर्जिनियात २००८ साली यादवी युद्धातला गोळा घासून साफ करताना एक अनुभवी संग्राहक त्यात गेला. ग्रायंडर, ड्रिल, तारेचा ब्रश यांतलं काहीही नको. गंज तसाच राहू द्या.

शिवाय तो गोळा आपला नसतोच. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची खबर जिल्हाधिकाऱ्याला देण्याचं बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्यापासून आहे, आणि संरक्षित गडावर परवानगीशिवाय खोदणं हाच मुळात गुन्हा. गडसंवर्धन करणाऱ्या मंडळांनी कामाआधीच पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्यावी, जवळच्या ठाण्याला तारीख कळवून ठेवावी आणि पोकळ वस्तू लागली तर त्या टप्प्याचं काम तिथेच थांबवावं. गोळ्यासोबत सेल्फी काढायला अंगाखांद्यावर घेणाऱ्यांना आवरणं हे मंडळाच्या म्होरक्याचं काम.

किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर धातूची नळकांडी वाहून येतात. त्यांत जहाजांचे धुराचे आणि उजेडाचे संकेत असू शकतात, आणि त्यातली काही ओली झाल्यावरच पेटावीत अशी बनवलेली असतात. त्यामुळे पाण्याची बादली ओतून ‘थंड’ करायला जाऊ नका. मासेमारीच्या जाळ्यात जड, टोकदार, शेवाळलेलं लोखंड आलं तर ते होडीवर ओढून घेऊ नका. पाण्यातच असेल तर जाळं तिथे बोया बांधून सोडा. नकळत होडीवर आलंच असेल तर त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नका, ओलं कापड टाकून सावलीत ठेवा, माणसं दुसऱ्या टोकाला जाऊ द्यात आणि तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा. बंदरात घुसण्याआधी कळवायचं, धक्क्याला लागल्यावर नव्हे.